एका चाकावरचं ऊन

फ्रीडहेल्म ओस्टरकांप यांनी विचारलं नसतं, तर काहीही झालं नसतं. पेटी होती जेमतेम सुटकेसएवढी. तिचं झाकण उन्हाकडे करून ठेवायचं. झाकण वीज गोळा करणार, पोटातली बॅटरी ती साठवणार आणि बाजूला वायर खुपसली की यंत्र चालणार. ना छपरावर काचा, ना भिंतीतून तारा. असली वस्तू शहाणा माणूस गुपचूप बागेत नेतो, झुडपाआड ठेवतो आणि कॉफी पितो. पण ओस्टरकांप यांनी सगळी नोकरी जर्मनीतल्या हेर्ने शहराच्या जमीनमोजणी कचेरीत काढलेली. परवानगीशिवाय त्यांनी आयुष्यात एकच गोष्ट केली होती, ती म्हणजे जन्म घेतला, आणि त्याचाही दाखला त्यांच्यापाशी होता.

आता पेटी कशासाठी, तर रोसवीथाबाईंसाठी. मॉर्गेनटाऊ वसाहतीत या नवराबायकोचा बागेचा एक तुकडा होता. शहरातल्या फ्लॅटवाल्यांनी मातीत हात घालावेत म्हणून आखून दिलेले असे पुष्कळ तुकडे तिथे होते, आणि प्रत्येकावर एक लाकडी खोपटं. रविवारी दुपारी तिथे केक कापायचा, कॉफी प्यायची आणि शेजाऱ्याच्या बटाट्यांना नावं ठेवायची, असा वर्षानुवर्षांचा शिरस्ता. पण हिवाळ्यात रोसवीथाबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, वसंतात गुडघा बरा झाला, तरी बाई बागेत यायचं नाव घेईनात. घरी तिसऱ्या मजल्यावर खिडकीशी बसून शब्दकोडी सोडवायच्या. ओस्टरकांप यांनी कारण विचारलं, तर म्हणाल्या, "थर्मासातली कॉफी मला नको होते. पत्र्याची चव लागते."

ओस्टरकांप एकटेच बागेत जाऊन बसू लागले. समोर दुसरी खुर्ची. त्यांनी ती आधी खोपट्यात नेऊन ठेवली, मग तिची रिकामी जागा जास्तच खुपू लागली, म्हणून परत बाहेर आणली. बायकोवाचून करमत नाही हे सांगायची त्यांच्या घराण्यात पद्धत नव्हती. त्यांच्या वडिलांनी ही गोष्ट एकदाच सांगितली होती, तीही आईच्या अंत्ययात्रेत. म्हणून ओस्टरकांप यांनी मनाशी हिशेब मांडला की अडचण कॉफीची आहे, कॉफीला वीज पाहिजे, खोपट्यात वीज नाही, म्हणून पेटी आणावी. एवढं सरळ गणित आयुष्यात क्वचितच जमतं. त्या आनंदात त्यांनी नवं कॉफीचं यंत्रही घेतलं.

आणि मग ते विचारायला गेले.

वसाहतीच्या बागमंडळाच्या अध्यक्ष गुड्रून टीडेमान तेव्हा गाजराच्या वाफ्यात तण उपटत होत्या. मंडळाच्या नियमांत कुंपणाची उंची होती, भाजीला किती जागा आणि फुलांना किती हे होतं, दुपारच्या विश्रांतीत आवाज करू नये हे होतं, रविवारी हातोडी मारू नये हेही होतं. सौरपेटीबद्दल अवाक्षर नव्हतं.

"नियमांत नाही ना?" बाईंनी मान वर न करता विचारलं.

"नाही."

"मग विचारता कशाला?"

"नियमांत नाही म्हणूनच विचारतो."

टीडेमानबाईंनी खुरपं खाली ठेवलं. बाई चांगल्या होत्या, पण अध्यक्ष होत्या. न विचारलेल्या गोष्टीकडे त्यांना काणाडोळा करता आला असता, विचारलेलीला उत्तर देणं भाग होतं. त्या म्हणाल्या की पेटी छपरावर बसवायची तर ते बांधकाम झालं, त्याला सर्वसाधारण सभा लागते, आणि सभा शरद ऋतूत असते. ओस्टरकांप म्हणाले, बरं, तोवर जमिनीवर ठेवतो. बाई म्हणाल्या, एका जागी उभी राहिली तर जमिनीवरही ते बांधकामच. मग ओस्टरकांप यांचा पडलेला चेहरा पाहून त्यांना दया आली आणि त्यांनी जाता जाता एक वाट काढून दिली: चाकांवर असेल ते बांधकाम नव्हे. मात्र एका जागी फार वेळ थांबता कामा नये.

ही वाट त्यांनी काढली नसती तर बरं झालं असतं, असं त्या पुढे डागाळलेली पँट धुताना म्हणाल्या. ती हकिगत पुढे येईलच.

इकडे ओस्टरकांप यांना दुसरी शंका छळू लागली होती. ही पेटी वीज तयार करते, म्हणजे त्यांचं वीजनिर्मिती केंद्र झालं, आणि निर्मिती केंद्राची सरकारदरबारी नोंद हवी. त्यांनी वीजनोंदणीच्या कचेरीत फोन लावला. पलीकडच्या मुलीने हसऱ्या आवाजात सांगितलं की पेटी सरकारी तारांना जोडलेली नसेल तर नोंदणीची गरज नाही. दुसरा कुणी असता तर फोन ठेवून नाचला असता. ओस्टरकांप म्हणाले, "तेवढं लेखी द्या." मुलीने चौकशी केली. लेखी द्यायला प्रकरणाचा क्रमांक लागत होता आणि क्रमांक फक्त नोंदणी झालेल्यांना मिळत होता. शेवटी नोंदणीची गरज नाही हे लेखी मिळावं म्हणून ओस्टरकांप यांनी रीतसर नोंदणी केली. पेटीचं तोंड कोणत्या दिशेला आहे, या रकान्यात त्यांनी प्रामाणिकपणे लिहिलं: बदलत राहतं. त्यावर कचेरीतून परत फोन आला, पण तो सगळा इथे सांगत बसलो तर कॉफी व्हायचीच नाही.

तर, चाकं. चाकावरची एकच वस्तू बागेत होती, ती म्हणजे शेणखत वाहायची एकचाकी ढकलगाडी. ओस्टरकांप यांनी ती घासूनपुसून काढली, तिच्यात जुनी उशी ठेवली, उशीवर पेटी ठेवली आणि उन्हाच्या शोधात निघाले. शोधात निघावं लागलं, कारण खोपट्याचं छप्पर सोडलं तर त्यांच्या तुकड्यावर ऊन नव्हतंच. पलीकडच्या डोम्ब्रोव्स्कीबाईंचं चेरीचं झाड चांगलं ताडमाड वाढलं होतं आणि त्याची सावली ओस्टरकांप यांच्या हद्दीत दिवसभर मुक्कामाला असे. फांद्या छाटाव्यात म्हटलं, तर पाखरांची घरटी असेपर्यंत झाडाला करवत लावायला कायद्याची मनाई. झाडावर काळ्या साळुंकीसारख्या एका पाखराचं जोडपं राहत होतं, आणि वसाहतीत कायद्याचं संरक्षण एवढं चोख मिळालेलं ते एकमेव जोडपं होतं.

मोजणी खात्याचा माणूस. त्याने दोन दिवस वसाहतभर फिरून कुठल्या बागेत ऊन कधी येतं याचा नकाशा काढला. सकाळचं ऊन जमाल आयदोआन यांच्या द्राक्षांच्या मांडवापुढे, दुपारचं डोम्ब्रोव्स्कीबाईंच्या पलीकडच्या वाफ्यांत, उतरतं ऊन मंडळाच्या सभागृहाच्या पायरीशी. नकाशा इतका देखणा झाला की त्यांना तो चौकटीत लावावासा वाटला. मात्र त्याप्रमाणे चालायचं, म्हणजे रोज लोकांच्या फाटकाशी टोपी काढून उभं राहायचं: आपलं थोडं ऊन वापरू का?

लोक नाही म्हणत नव्हते. पण ऊन फुकट मिळालं तरी सल्ला घ्यावा लागत होता. आयदोआन निवृत्त ट्रॅमचालक. त्यांनी पेटी सर्व बाजूंनी पाहिली आणि विचारलं की हे एवढं कशासाठी. कॉफीसाठी, असं कळल्यावर त्यांनी ओस्टरकांप यांच्याकडे करुणेने पाहिलं. म्हणाले, "मी शेगडीवर चहा करतो. निखारे टाकले की झालं. तुम्ही चहा प्या, ओस्टरकांप. माणूस कॉफीपायी किती खाली येतो बघा." तरी पण दुसऱ्या दिवशी त्यांनीच हळूच आपला फोन आणून पेटीला लावला. त्यांचं पाहून डोम्ब्रोव्स्कीबाईंनी वाफल, म्हणजे जाळीदार गोड घावन, भाजायचं यंत्र लावलं. बाईंचं वय ऐंशीपार, त्यांना कोण काय बोलणार? वाफल उत्तम झाले. सकाळपासून घाम गाळून जमवलेली वीज त्या वाफलांत गेली आणि ओस्टरकांप यांच्या वाट्याला अर्धा वाफल आला.

त्यात चाक कुरकुरायला लागलं. ऊन सगळ्यात कडक दुपारी, आणि दुपार ही वसाहतीत विश्रांतीची वेळ. त्या वेळात मूल रडलं तरी आईबाप ओशाळतात. अशा शांततेत ओस्टरकांप यांची गाडी कर्र कर्र करत निघाली की खोपट्याखोपट्यातून डोकी बाहेर येत. आयदोआन यांनी ऑलिव्हचं तेल सुचवलं. डोम्ब्रोव्स्कीबाई म्हणाल्या, त्यांच्या खाणकामगार नवऱ्याने हयातभर चाकाला चरबीच लावली, आणि बोलता बोलता स्वयंपाकातल्या चरबीचा मोठा गोळा त्यांनी आसाला फासूनही टाकला. कुरकुर थांबली. पण बाईंचा आखूड पायांचा कुत्रा बारोन त्या वासाने गाडीमागे लागला. त्याच्यामागे आणखी कुणाचा कुत्रा लागला, त्याच्यामागे तिसरा. ओस्टरकांप थांबले की कुत्रे चाक चाटायचे, चालले की रांगेने मागून चालायचे. चाळीस वर्षं सरकारी नोकरी इभ्रतीने केलेला माणूस आता भर दुपारी, पांढरी टोपी घालून, उशीवर पेटी मिरवत, कुत्र्यांच्या पलटणीपुढे चालत होता. त्यांनी मान ताठ ठेवली होती. तेवढंच त्यांच्या हातात होतं.

डोम्ब्रोव्स्कीबाईंनी खोपट्यात जाऊन रोसवीथाबाईंना फोन केला. काय म्हणाल्या ते नंतर कळलं: "रोसवीथा, खिडकीत काय बसलीस? तुझ्या नवऱ्याने सर्कस काढली आहे. ये लवकर."

रोसवीथाबाई काठी टेकत ट्रॅमने आल्या. ओस्टरकांप वळणावरून कुत्र्यांसह बाहेर पडले, तर समोर डोम्ब्रोव्स्कीबाईंच्या बाकावर बायको. तिने आधी तोंडावर हात घेतला. मग हाताने काम भागेना, तेव्हा पिशवी घेतली. पिशवीमागून तिचे खांदे गदागदा हलत होते. ओस्टरकांप यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. ज्या बाईसाठी हा सगळा खटाटोप, तीच हसत होती. ते गाडी ढकलत पुढे गेले. बारोनसुद्धा तिच्याकडे न बघता गेला.

दुसऱ्या दिवशी रोसवीथाबाई परत आल्या. तिसऱ्या दिवशीही. कधी या बागेत बसत, कधी त्या बागेत, जिथून गाडी नीट दिसेल तिथे. येताना केक आणत आणि सगळ्यांना वाटत. फाटकाफाटकाशी लोक ओस्टरकांप यांना घोटभर मद्य देऊ लागले, बसा म्हणू लागले. बसता येत नव्हतं, गाडी थांबवायची नव्हती, म्हणून लोकच पेला हातात घेऊन शेजारून चालत. वर्षानुवर्षं 'अहो ओस्टरकांप' म्हणणारे आयदोआन एके सकाळी चालता चालता म्हणाले, "मी जमाल. आता अहोजाहो पुरे." ओस्टरकांप म्हणाले, "फ्रीडहेल्म." आणि दोघांनी पेला रिकामा केला. इतकी वर्षं कुंपणावरून कुणाची फांदी कुणीकडे झुकली एवढंच बोलणं होत होतं, त्यामानाने ही मोठीच घटना.

पण ओस्टरकांप यांना त्यातलं काही दिसत नव्हतं. त्यांना फक्त पिशवीमागचे खांदे दिसत होते. यावर एकच उपाय होता, तो म्हणजे एकदा खरीखुरी, गरम, यंत्रातली कॉफी बायकोच्या पुढ्यात ठेवायची आणि हसणाऱ्यांची तोंडं बंद करायची. त्यांनी रविवार ठरवला. शनिवारभर पेटीपाशी कुणाला फिरकू दिलं नाही. डोम्ब्रोव्स्कीबाईंच्या हातातलं वाफलचं यंत्र त्यांनी नम्रपणे पण ठामपणे काढून घेतलं. रविवारी पेटी काठोकाठ भरली आणि त्यांनी खुद्द अध्यक्षबाईंनाच कॉफीचं आमंत्रण दिलं.

टीडेमानबाई पांढरी पँट घालून आल्या. ओस्टरकांप यांनी यंत्र पेटीला जोडलं, पाणी भरलं आणि बटण दाबण्याआधी, सवयीने, त्यांनी विचारलं.

"कॉफी होईपर्यंत गाडी उभी राहिली तर चालेल ना?"

भोवती सगळी वसाहत जमली होती. आपणच केलेला नियम सगळ्यांदेखत कोण मोडणार? टीडेमानबाई म्हणाल्या, "आता विचारलंत, तर नाही चालणार."

म्हणून कॉफी चालत्या गाडीवर झाली. पेटीवर यंत्र, यंत्राखाली काचेचं भांडं, भांड्यात थेंब थेंब पडणारी कॉफी, मागे दांडे धरून ओस्टरकांप, बाजूला अध्यक्षबाई, त्यांच्यामागे रिकामे कप घेतलेली मंडळी आणि शेवटी कुत्रे. जमाल पुढे होऊन रस्त्यातले खडे पायाने बाजूला करत होता. कॉफीचा वास सुटला. मंडळी एका सुरात मागून "सावकाश, फ्रीडहेल्म, सावकाश" म्हणत होती. सभागृहाच्या वळणापर्यंत भांडं भरत आलं, आणि ओस्टरकांप यांच्या मनात पहिल्यांदाच विजयासारखं काहीतरी हललं. तेवढ्यात बारोनला दम निघेना. तो आसाखाली घुसला, एका चाकाची ती गाडी कलली, आणि सगळी गरम कॉफी अध्यक्षबाईंच्या पांढऱ्या पँटवर.

कुणी हसलं नाही. म्हणजे कुणी पहिल्यांदा हसायला धजावलं नाही. मग बाकावरून रोसवीथाबाईंचा आवाज आला. पिशवी खाली पडली होती. त्या गुडघा धरून, डोळे पुसत, मोठमोठ्याने हसत होत्या, आणि मग सगळी वसाहत हसली. चटका जरा निवल्यावर टीडेमानबाईही हसल्या. मग त्यांनी कपाळावरचा घाम पुसला आणि जाहीर केलं की शरद ऋतूची वाट कोण बघतो, शुक्रवारीच खास सभा घेऊ. ही पेटी छपरावर गेलीच पाहिजे.

शुक्रवारी संध्याकाळी सभागृहात बटाट्याचं सॅलड होतं, सॉसेज होते आणि अभूतपूर्व गर्दी होती. ओस्टरकांप बायकोशेजारी पहिल्या रांगेत बसले. टीडेमानबाईंनी ठराव वाचला. डोम्ब्रोव्स्कीबाईंनी अनुमोदन दिलं. जमालने भाषण केलं आणि त्यात कॉफीबद्दल चार बरे शब्दही काढले. एका तुकड्याला एक मत. हात वर झाले, मोजायची गरजच पडली नाही. ठराव एकमताने मंजूर. लोकांनी टेबलं बडवली, जमाल म्हणाला उद्या सकाळी शिडी मी आणतो, कुणी खिळे द्यायचं कबूल केलं. ओस्टरकांप यांचा ऊर भरून आला. संपली एकदाची विटंबना.

ते बायकोकडे वळले. रोसवीथाबाई टाळ्या वाजवत होत्या, पण चेहरा उतरला होता.

"काय झालं?" त्यांनी विचारलं. "उद्यापासून गरम कॉफी. तुझ्या खुर्चीत."

"हो ना. चांगलंच झालं." त्यांनी सॅलडची बशी बाजूला सारली. "फ्रीडहेल्म, तुला म्हणून सांगते. कॉफी मला घरीही मिळत होती. त्या बागेत तू इकडच्या खुर्चीत, मी तिकडच्या, आणि दिवसभर दोघं त्या झाडाकडे बघतोय. गुडघा दुखायचा तेव्हा निदान यायला नको म्हणायला कारण होतं. या पंधरवड्यात मी जेवढी हसले ना, तेवढी लग्नात पण नव्हते हसले. रोज उठल्यावर वाटायचं, आज काय करतो हा गृहस्थ." मग त्यांनी नवऱ्याच्या हातावर थोपटलं. "जाऊ दे. तुझी फार शोभा झाली. आता बस निवांत."

ओस्टरकांप बसले. बसल्या बसल्या त्यांच्या डोक्यात एक प्रश्न तयार झाला, अगदी मुद्देसूद, सभेपुढे मांडण्याजोगा: पेटी छपरावर बसवायची परवानगी मिळाली, म्हणजे ती बसवलीच पाहिजे असं आहे का? हात आपोआप वर गेला. आयुष्यभराची सवय.

टीडेमानबाईंनी तो हात पाहिला आणि सभागृहातले सगळे वळून बघू लागले. या माणसाच्या प्रश्नातून काय काय निघतं हे आता सगळ्यांना माहीत होतं.

"बोला, ओस्टरकांप. काही विचारायचं आहे?"

ओस्टरकांप यांनी बायकोकडे पाहिलं. मग हात खाली घेतला.

"नाही," ते म्हणाले. "काही नाही."

शनिवारी सकाळी जमाल शिडी घेऊन आला, तेव्हा खोपट्याला कुलूप होतं आणि दोन्ही खुर्च्या रिकाम्या होत्या. सभागृहाच्या बाजूने कुत्र्यांचं भुंकणं ऐकू येत होतं. त्याने कुंपणावरून पाहिलं. ओस्टरकांप पांढरी टोपी घालून गाडी ढकलत चालले होते आणि रोसवीथाबाई काठी गाडीत टाकून, एका हाताने दांडा धरून शेजारून चालत होत्या, आणि वाट चुकवून गाडी मुद्दाम टीडेमानबाईंच्या गाजरांकडे वळवत होत्या.